बिनउंबरठ्याचं घर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही. घडलं ते वडनेर भोलजीला, गेल्या चैत्रातल्या अमावस्येला, ऐन दिवेलागणीच्या वेळी. जिच्यासोबत घडलं ती अन्नपूर्णा माझी सख्खी मावशी.

तिचा एकुलता एक मुलगा कुलदीप अमेरिकेत आर्किटेक्चर शिकायला गेला होता. तिथल्या जुन्या घरांचं त्याला भारी वेड. फोनवर सांगायचा, "आई, इथं घरापुढं लाकडी पोर्च राह्यते. आपला ओटाच समज. पहिले सारी गल्ली संध्याकाळी तिथं बसे. मंग टीव्ही आला, एसी आला, अन् लोकं आत गेले."

एकदा म्हणाला, "चाकाच्या खुर्चीवरच्या लोकायनं इथं भांडून भांडून दारं सपाट करून घेतली. तुह्ये गुडघे दुखतेत ना? आपल्या घराले उंबरठाच नाही ठेवत मी."

त्यानं नकाशा पाठवला. आणि त्याच हिवाळ्यात बर्फावर घसरून पडला तो उठलाच नाही...

मावशीला लेकाचं तोंडही दिसलं नाही. तिकडून आल्या त्या फक्त अस्थी.

मावशीचे यजमान भगवंतराव काकांनी नकाशाबरहुकूम घर बांधलं. लाकडी पोर्च, पांढरा कठडा, सपाट दार. गाव बघायला आलं, आणि पाठीमागं हसलंही.

अमावस्येच्या त्या संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. लाइट गेलेली. काका शेतातून यायचे होते.

पोर्चच्या फळ्या करकरल्या...

मग बूट काढल्याचा आवाज. ठप्... ठप्.

हात न लावता, टाचेला टाच घासून. कुलदीप लहानपणापासून तसेच बूट काढायचा आणि बोलणी खायचा.

मावशीनं वळून पाहिलं नाही. वळलं तर जाईल, असं तिला वाटलं.

पुढ्यात तवा तापलेला, आणि पाठीला गारवा...

काका आले तेव्हा दारापासून गॅसच्या ओट्यापर्यंत ओली पावलं होती. पोर्चवर कुणी नव्हतं. बूटही नव्हते.

मावशी रडत होती. पण कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

मग हे रोजचंच झालं. काका धास्तावले. त्यांची बहीण गोजरबाई म्हणाली, "दादा, त्या घराले उंबरठा नाही. काहीबी आत येऊन राह्यलं. एखाद दिवशी वहिनीले घेऊन जाईन."

मावशी जळगाव जामोदला माझ्या आईकडे आली होती. तेवढ्यात काकांनी सागाचा उंबरठा बसवला. हळद-कुंकू वाहिलं, नाल ठोकली. बायको तरी हातची जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

परतल्यावर मावशीनं ते पाहिलं आणि दारातच बसकण मारली.

"काऊन बसवला? काढा तो."

"उद्या बलावतो सुताराले," काका म्हणाले.

दिवेलागण झाली. फळ्या करकरल्या. ठप्... ठप्.

मग काहीच नाही.

आणि दारातून अगदी हळू आवाज आला...

"आई, मले आत येताच येत नाही."

मावशी धावली. उंबरठ्याला पाय अडकून गुडघ्यावर आपटली. मान वर केली तेव्हा पोर्चवर फक्त ओली जागा होती.

आवाज काकांनीही ऐकला होता. सुताराची वाट न पाहता त्यांनी त्याच पावली कुऱ्हाड आणून उंबरठा फोडला.

कुलदीप आत आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आता काका रोज संध्याकाळी पोर्चवर बसतात. "ये बे, कुलदीप. काढला म्या तो. ये," म्हणतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही.

मावशीला येतं. परवा तिनंच मला सांगितलं. काकांनी हाक मारली की फळ्या वाजतात...

पण ती पावलं येत नाहीत. पायऱ्या उतरून जातात.

तो रागावलाय की वडिलांना घाबरतो, मला कळत नाही. विचार केला की अजून झोप उडते.

"त्यायले नको सांगू," मावशी म्हणाली. "तो येईन म्हणूनच जगून राह्यले ते."