सासूबाईंच्या खोलीतली जाळी

"माप विचारलं की अंदाज सांगतात... आणि मग वास आला की माझ्या नावाने खडे फोडतात."

दुकानदार स्वतःशीच पुटपुटत होता. पण काउंटर एवढं अरुंद, की त्याचं पुटपुटणं थेट माझ्या कानात पडत होतं.

आधीच सांगते, यातलं काहीही मी रचलेलं नाही. आणि हे रात्री घडलेलं नाही. ज्यांना मध्यरात्र, वारा आणि रडणारी कुत्री हवी असतील, त्यांची निराशा होईल. भर दुपार होती. माझ्या सख्ख्या बहिणीचं घर होतं. मी तिथे होते.

बहीण माझ्याहून बरीच धाकटी. आम्ही तिला चिमी म्हणतो. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, चौथ्या मजल्यावरच्या घरात मागच्या खोलीत दिव्यांखाली लिली वाढवायचे. हॉटेलांना फुलं पुरवायचे. एका लिलीचा वास छान असतो. खोलीभर लिली म्हणजे अत्तराच्या बाटलीत डोकं कोंबल्यासारखं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं डोकं दुखायचं, मग त्या खाली येऊन आमचं दुखवायच्या.

म्हणून कार्बन फिल्टर घ्यायचं ठरलं. चिमी आणि जावईबापूंसोबत मीही गेले.

"हे बघा," दुकानदाराने एक जाड नळकांडं काउंटरवर ठेवलं, "आत कोळशाचे दाणे आहेत. पंखा हवा ओढतो, वास दाण्यांना चिकटतो, हवा कोरी होऊन बाहेर पडते. पण पंखा फिल्टरपेक्षा जोरदार घेतलात तर हवा नुसती पळत सुटते. वासाला चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणून विचारतोय, खोली केवढी?"

जावईबापूंनी माप सांगितलं.

"एवढी? घर आहे की गोदाम?"

मी ती खोली पाहिली होती. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. जावईबापूंनी सांगितलेलं माप एका खोलीचं नव्हतंच.

दोन खोल्यांचं होतं.

दुसरी खोली सासूबाईंची.

"सगळी झाडंच ना?" दुकानदाराने विचारलं.

"हो... झाडंच."

चिमी खाली फरशीकडे बघत होती. मी माझ्या पर्सची चेन उघडली, बंद केली.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या नर्स होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदललेली बाई. खुब्याचं हाड मोडलं आणि पलंगाला खिळल्या. सगळं अंथरुणातच. पण तोंडाने कधी म्हणायच्या नाहीत. हाक मारायच्या नाहीत. नुसत्या छताकडे बघत पडून राहायच्या.

मग चिमीला वास यायचा. ती जायची आणि म्हणायची, "आई, चादर चुरगळलीय हो, बदलते." त्या म्हणायच्या, "बदल बाई, तुला हौसच आहे."

एवढंच. दोघींची अब्रू राखली जायची. तो वासच त्यांची हाक होती.

पण चिमीला दिवस गेले आणि तिला नुसत्या फोडणीनेही उलट्या व्हायला लागल्या. त्या खोलीत ती नाकाला पदर लावून जायची आणि बाहेर येऊन ओकायची. सासूबाईंना ते ऐकू जायचं.

फिल्टर बसला. एक नळी लिलीच्या खोलीत, दुसरी भिंतीतून सासूबाईंच्या पलंगावर. त्या नळीच्या तोंडाला जाळी.

"हे माझ्या डोक्यावर काय लावलंत?" त्यांनी विचारलं.

"झाडांसाठी आहे, आई," जावईबापू म्हणाले.

"असं होय... मग माझ्या खोलीत झाडं कुठेयत रे?"

जावईबापू हसले. मीही हसले. काय करणार?

फिल्टर उत्तम निघाला. वरच्या बाई भांडायला यायच्या बंद झाल्या. चिमीच्या उलट्या थांबल्या. घर कसं कोरं झालं.

आता चिमी जेवणाच्या वेळेलाच त्या खोलीत जायची. ताट ठेवायची, दारातूनच विचारायची, "सगळं ठीक ना?"

"ठीक," सासूबाई म्हणायच्या.

मग त्यांना ताप आला. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीखालची चादर ओढली... आणि ती सुटेना.

डॉक्टर चिमीकडे वळले.

"तुम्हाला वास नाही आला?"

"नाही," चिमी म्हणाली.

सासूबाई त्यातून उठल्या नाहीत.

खरी गोष्ट आता सुरू होते.

पहिल्यांदा हॉटेलातून फोन आला. "फुलं दिसायला झकास, पण वास कुठेय?" जावईबापूंनी लिली नाकाशी धरली. काहीच नाही. कागदाचं फूल बरं.

त्यांनी पंखा बंद केला. प्लग काढून ठेवला. तरी वास परतला नाही.

मग चिमीने पाहिलं... सासूबाईंच्या बंद खोलीतला पडदा जाळीकडे ओढला जात होता. खिडकी लावलेली. पंखा बंद. आणि पडदा ताठ.

जावईबापूंनी फिल्टर उतरवला आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकला. भिंतीतली नळी आणि जाळी तेवढी राहिली; नळीत मागून फडकं कोंबलं.

सकाळी फडकं नव्हतं.

दोन्ही खोल्यांत शोधलं. कुठेच नव्हतं.

तेवढ्यात बाळ झालं. मुलगा. गुटगुटीत, शहाणा. इतका शहाणा की रडायचाच नाही.

"नशीबवान आहेस," सगळ्या म्हणायच्या. मीही म्हटलं. जिभेला काही हाड असतं का?

एके दिवशी चिमीचा फोन आला.

"ताई, तू ये."

"काय झालं?"

"तू ये फक्त."

मी पोचले तेव्हा उन्हं खिडकीतून थेट आत आली होती. बाळ तिच्या मांडीवर निपचित, डोळे उघडे. छताकडे बघत होतं. तिने दुपटं बाजूला केलं आणि मी डोळे मिटून घेतले.

कातडी सोललेली होती. मांड्यांपासून पाठीपर्यंत.

"दर थोड्या वेळाने बघते गं," ती म्हणाली. "उघडून बघते तर कोरडं असतं. परत झाकते, परत उघडते... आणि हे असं. तो रडत नाही. वास येत नाही. डॉक्टरांनी मला काय विचारलं असेल, सांग."



मी वाकून बाळाचं डोकं हुंगलं. तान्ह्याच्या टाळूला जो वास असतो ना, दुधाचा, तेलाचा, जिवाचा...

काही नव्हतं. पाटी हुंगल्यासारखं.

अजूनही कुणाच्या घरी बाळ बघायला गेले की मी आधी टाळू हुंगते. लोकांना वाटतं, म्हातारी होत चालली, हळवी झाली. वाटू दे.

"आण इकडे," मी म्हटलं आणि त्याला उचललं.

आणि भपकारा आला!

दूध, शू, आंबलेलं, चिघळलेलं, सगळं एकदम. माझे डोळे चुरचुरले. आणि बाळ किंचाळलं. रडलं नाही, किंचाळलं. इतक्या दिवसांचं साठलेलं.

जावईबापू आतून धावत आले. "काय झालं? द्या बघू."

त्यांनी घेतलं.

शांत.

वास गेला. दिवा मालवल्यासारखा.

बाळाचं तोंड अजून रडण्याच्या आकारात उघडं होतं. पण आवाज नव्हता. छाती हलत होती, जीभ थरथरत होती... आवाज नव्हता.

मी त्यांच्या हातून ओढून घेतलं. किंकाळी. वास.

चिमीने हात पुढे केले. मला द्यायचं नव्हतं. पण आईने मागितलं तर कसं नाही म्हणणार?

शांत.

"योगायोग आहे," जावईबापू म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पोरं मावशीकडे किरकिर करतातच."

"मी याला घेऊन जाते," मी म्हटलं. "माझ्या घरी. बरा होईपर्यंत."

"आणि नंतर?" चिमीने विचारलं. "नंतर काय, ताई? आयुष्यभर तुझ्याकडे?"



ती उठली. बाळाला छातीशी धरून सासूबाईंच्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. पलंग तसाच होता, गादी गुंडाळलेली. पडदा भिंतीकडे ताणलेला.

चिमी जाळीखाली उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

पडदा हलला नाही.

"आई, फिल्टर झाडांसाठी नव्हता. तुमच्यासाठी होता."

"चिमे, काय बोलतेस!" जावईबापू ओरडले. "ती आजारी होती, वय झालं होतं तिचं..."

मी बाळाकडे बघत होते. त्याचं तोंड उघडंच. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं, चिमीच्या मनगटावरून खाली ठिबकत होतं.

आवाज नाही.

"एवढं पुरत नाही त्यांना," चिमी हळूच म्हणाली. माझ्याशी नाही, नवऱ्याशी नाही. मग तिने मान वर केली आणि त्या जाळीकडे बघितलं, सासूबाई बघायच्या तसं.

"डॉक्टरांना मी 'नाही' म्हणाले. वास खरंच येत नव्हता, आई. पण मला माहीत होतं. रोज दारात उभी असायचे तेव्हा माहीत होतं."

पडदा सैल पडला आणि बाळाचा आवाज फुटला.