भिंतीवरचा बाण

रंग ओला होता म्हणून बरं. तिनं ओढणीच्या टोकानं भिंतीवरचा लाल बाण पुसायला घेतला, तेव्हा शिडीवरचा पेंटर नुसता बघतच राहिला.

"अहो मॅडम... सकाळपासून काढतोय मी तो."

"कोणी सांगितलं होतं काढायला?"

"इमारतीच्या कमिटीच्या काकांनी. खोकलेवाल्यांनी आणि तसल्या आजारवाल्यांनी मागच्या दारानं जायचं म्हणे."

"तसल्या म्हणजे कसल्या?"

ती पुसतच राहिली. ओढणी लाल झाली, भिंत गुलाबी झाली आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका येऊन बसला. सांगावं की राहू द्यावं... त्याच विचारात तो शिडी उतरला.

इमारतीच्या तळमजल्यावरचं हे आरोग्य केंद्र तिला जिवापाड प्रिय होतं. क्षयरोग, एचआयव्ही, कावीळ, सगळ्याची तपासणी इथं एकाच दारानं येऊन, एकाच बाकावर बसून, एकाच खिडकीत व्हायची. कोण कशासाठी आलंय ते बाहेरच्याला कळायला मार्गच नव्हता. आणि म्हणूनच लोक येत होते. आरोग्यसेविका म्हणून गल्लीगल्लीत जाऊन, बायकांच्या घोळक्यात बसून, सलूनमधल्या खुर्च्यांना टेकून तिनं लोकांना या दारापर्यंत आणलं होतं. मागचं दार उघडलं की त्यातून जाणाऱ्याच्या कपाळावर आजाराचं नाव लागलं. मग कशाला कोण येतंय?

हे सगळं तिनं त्याला तिथंच, उन्हात उभं राहून ऐकवलं. त्यानंही मान खाली घालून ऐकलं. फक्त मधे मधे खोकत होता.

"किती दिवस झाले?"

"बाणाला?"

"खोकल्याला."

"टर्पेंटाइनचा आहे तो."

"रात्री घाम येतो?"

"पहिल्या भेटीत हे विचारतात?"

"कॉलर सैल झालीय तुमची. वजन उतरलंय."

"सगळ्यांच्या कॉलरी इतक्या बारीक बघता?"

"कामच आहे माझं," ती म्हणाली खरी, पण तिचे कान तापले. तिनं डबी आणून त्याच्या हातात दिली आणि त्याला मागच्या मोकळ्या अंगणात उभं केलं. "खोल श्वास घ्या. पोटातून खोका. थुंकी नकोय मला, बेडका हवाय."

"आयुष्यात कुठल्या बाईनं माझ्याकडे बेडका मागितला नव्हता," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

ती हसली. खूप दिवसांनी, पोटातून.

बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले. ते ऐकून तो म्हणाला, "कुठल्या दारानं येऊ उद्या?"

"याच."

तो येत राहिला. औषधं सुरू झाली, महिने गेले, गाल भरले, कॉलर पुन्हा गळ्याशी आली. बाणाच्या जागी त्यानं दिमाखदार अक्षरांत 'या, बसा' एवढंच रंगवलं होतं. बाकावरच्या म्हाताऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. हा मात्र 'अहो' म्हणून भागवायचा.

"ताई म्हणायला जीभ वळत नाही का तुमची?"

"वळते ना. वळवायची नाहीये."

"का?"

"कोर्स संपू दे. मग सांगतो."

तिनं गोळ्यांचं पाकीट उगाच दोनदा तपासलं. घरी गेल्यावर आरशात पाहिलं, तेही उगाच.

घरी सासूबाई होत्या आणि लेक चिमणी. चिमणी पाळण्यात असतानाच तिचा बाप गेला. तेव्हापासून ही पोरगी शिंकली तरी तिच्या काळजात चर्र व्हायचं. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी हात धरून श्वास बघायची सवय अजून सुटली नव्हती.

शाळा सुटली की सासूबाई चिमणीला केंद्रात आणून सोडायच्या. त्या दुपारी चिमणी धावत आली ती थेट पेंटरकडेच. त्याच्या गुडघ्यावर रेलून म्हणाली, "मला फूल काढायचंय." त्यानं ब्रश तिच्या मुठीत दिला... आणि तो खोकला. एकदाच.

डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, त्याचा बेडका आता स्वच्छ आहे, त्याच्यापासून कुणाला धोका नाही. तिनं स्वतः हे वस्तीभर समजावलं होतं. पण तिचे पाय तिच्या आधी धावले. चिमणीचा दंड धरून तिनं तिला असं ओढलं की ब्रश भिंतीवर फराटा ओढत खाली पडला.

बाकावरच्या माना वळल्या. दारातल्या सासूबाईंनी पाहिलं. जिन्यावरून उतरणाऱ्या कमिटीच्या काकांनीही पाहिलं.

"बरोबर केलंत," पेंटर हळूच म्हणाला. "आईच ती." त्यानं ब्रश उचलला, हात फडक्याला पुसले आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत सगळं ठाऊक असतं तुला."

"भीती वाटली, आई."

"वाटणारच. माझा मुलगा गेलाय, मला शिकवू नकोस भीती. पण ती तू कुणाच्या अंगावर टाकलीस, तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती; चिमणीला आणि सासूबाईंना घेऊन ती पोचली तर केंद्रापुढे माणसं जमलेली. मधे कमिटीचे काका, आणि 'या, बसा'च्या अक्षरांसमोर शिडी. शिडीशी पेंटर, रिकाम्या हातानं.

"काढ बाण," काका म्हणत होते. "अरे, ताई स्वतःच्या पोरीला ओढून घेतात, मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय? वेगळं दार हवंच."

"ताई, खरंय का हो?" बाकावरच्या एका बाईनं विचारलं. पदर तोंडावर घेऊन ती उठूनच उभी राहिली होती. आत्ता गेली तर ती परत येणार नव्हती. तिच्यामागे आणखी कितीजण जातील, कोण जाणे.

"ओढलं, खरंय," ती म्हणाली. "घाबरले मी. पण माझ्या भीतीनं याचा आजार पसरत नाही, काका, आणि माझ्या भीतीवरून केंद्राची दारं ठरणार नाहीत. काढा बाण. उद्यापासून मागच्या दारानं पहिली मी येईन. रोज. चिमणीला घेऊन. मग सांगा लोकांना, ते दार कुणाचं आहे."

"मीही येते त्याच दारानं," सासूबाई मागून म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे, पण येते."

"मग मी पुढच्या दारानं एकटा येऊन काय करू?" बाकावरचे एक आजोबा पुटपुटले आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. पदरवाली बाई खाली बसली.

ती चिमणीचा हात धरून बाकाच्या त्या पार टोकाशी गेली. पेंटरच्या रंगाच्या डब्याशेजारची जागा तिनं ओढणीनं झटकली, लेकीला बसवलं. "काल फूल राहिलं होतं ना तुझं?" मग त्याच्याकडे वळून, नजर न चुकवता म्हणाली, "ब्रश द्या तिला."

त्यानं शिडी सोडली. मग येऊन शेजारी बसला, इतका जवळ की दोघांमध्ये फक्त चिमणी मावली. डब्यातला ब्रश काढून त्यानं तिच्या मुठीत दिला.

काकांचा चेहरा लालबुंद. "अरे पण तुझं काय यात? ही तुझी लागते कोण?"

"कोर्स कालच संपला काका, म्हणून सांगून टाकतो," पेंटर म्हणाला. पाहत मात्र तो तिच्याकडे होता. "ताई तर नक्कीच लागत नाही."

तिनं ओढणी सारखी केली; टोकाला तो पहिल्या दिवसाचा लाल डाग अजून होता, धुऊनही न गेलेला.

"मग कोण लागते, तेही सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."