हलकी नळी

फेरलाख गावात बंदुका घडवणारे पुष्कळ, पण स्वतः घडवलेली बंदूक बायकोच्या हाती देऊन "आता तूच सांग" म्हणणारा इग्नात्स वुटे एकटाच. एकतीस वर्षं तो जोडणी करायचा आणि रेझी नेम तपासायची. गोळी अगदी मधोमध लागली की ती शंभर मीटर चालत निशाणाच्या फळीपाशी जायची आणि त्या भोकात स्प्रूसची, सुईसारख्या पानांची डहाळी खोवायची. तिकडचे शिकारी मारलेल्या हरणाच्या तोंडात ठेवतात ना, तसा शेवटचा घास. "मग? फळीनं काय घोडं मारलंय?" असं वर विचारायची.

जानेवारीत रेझी गेली. कबरीत तिच्या शवपेटीवर टाकायच्या स्प्रूसच्या डहाळीला त्यांच्या मुलीनं, गुड्रुननं, लाल लोकरीचा दोरा बांधला होता.

आता मे उजाडला होता आणि गुड्रुनची रायफल अजून अर्धवट पडून होती. लाकडी दस्ता एक, त्यावर आलटून पालटून बसवायच्या नळ्या दोन. जाड नळी मोठ्या हरणांसाठी, हलकी छोट्यांसाठी. हलकी रेझीनं स्वतः निवडलेली. आजारपणात ती मांडीवर घेऊन तेल लावत बसायची. "ही पोरीला मिळायलाच हवी," एवढंच म्हणायची. दुपारी दोनला गुड्रुन रायफल न्यायला येणार होती.

सकाळी इग्नात्सनं आधी जाड नळी बसवली. खालचे दोन स्क्रू मोजून आवळले, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढला आणि मागून नळीला डोळा लावला. पलीकडे फळी, फळीवर काळा ठिपका, मागे मातीचा बांध. दुर्बीण त्या ठिपक्यावर जुळवून त्यानं तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका नाण्याखाली झाकल्या जाव्यात इतक्या जवळ लागल्या.

मग हलकी घेतली. रात्रभर गारठ्यात पडलेलं ते पोलाद मांडीवरून उठलेल्या मांजरासारखं कोमट होतं. त्यानं ती बसवली, स्क्रू आवळले, डोळा लावला.

फळीजवळ रेझी उभी होती. हिरवा कोट, डावा हात खिशात.

त्यानं मान वर केली. फळी आणि गवत. पुन्हा डोळा लावला. रेझी.

इग्नात्स मापाचा माणूस. त्यानं हलकी नळी काढून जाड लावली, पाहिलं. कुणी नव्हतं. परत हलकी लावली. काढलेली नळी पुन्हा लावली की होती तिथंच बसली पाहिजे, हा या धंद्याचा पहिला नियम. नळी बसली. रेझीही होती तिथंच होती.

भीती वाटली नाही त्याला. गोळी झाडली तर रेझी जाईल, हे त्याला कुणी न सांगता कळलं होतं.

फोन वाजला.

"बाबा, झाली का रे? की अजून कुरवाळतच बसलायस?"

"जाड झाली. हलकीत... दोष आहे गं जरा."

"आईनं निवडलेल्या नळीत? काहीतरीच." मग गुड्रुन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती तुझ्याकडेच ठेवायची असेल तर ठेव. मी रागावणार नाही. पण खोटं नको बोलूस. तुला जमत नाही."

त्यानं बाकावरच्या त्या नळीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामाला त्यानं वाईट म्हटलं होतं, आणि तेही रेझीच्या.

"ये तू," तो म्हणाला. "दोनला ये. तयार असेल."

त्यानं पुन्हा डोळा लावला.

"रेझे, बाजूला हो गं. पोरीची आहे ही नळी."

रेझी एक पाऊल सरकली. खिशातला हात काढून तिनं काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, नेहमी ठेवायची तसं. इथं. मग हात मागे घेतला.

त्यानं दुर्बीण जुळवली, बोल्ट घातला.

दोनदा बोट चापावरून परत आलं.

तिसऱ्यांदा गोळी सुटली.

बोल्ट काढून त्यानं घाईनं पाहिलं. फळी. गवत. बांध.

गुडघे दुखत होते तरी तो चालत गेला. भोक अगदी मधोमध होतं आणि त्यात स्प्रूसची डहाळी खोवलेली होती. हिरवीगार. सुयांना ओली माती लागलेली. देठाला लाल लोकरीचा दोरा, गुड्रुनची गाठ.

त्यानं ती हलकेच ओढली. पलीकडून कुणी धरून ठेवावी तशी ती जरा वेळ सुटेना.