करवाहीची अडतीस घरं

"साहेब, चार वाजता माह्या नवऱ्याची नोकरी जाते," शेवंताबाई दारातूनच म्हणाली.

बालाघाटात बंडोपंत खाजगी तपास करत. सोबतीला मुकुंद, मनाचा मऊ, डोक्यानं जरा संथ. बाईचं बोलणं ऐकून त्याला गलबलून आलं.

एक्क्याऐंशीच्या जनगणनेत पिनकोडवार लोकसंख्या काढायची होती. पिनकोडला नकाशावर हद्द नसते. पोस्टमन जिथं टपाल वाटतो, तेवढं त्याचं क्षेत्र. म्हणून शेवंताबाईच्या नवऱ्याकडून, पोस्टमन सुखरामकडून, यादी मागवली. पण टाइप झालेल्या यादीत पिपरटोला ही वस्ती भलत्याच पोस्टात, सोनझरीत गेला. मागोमाग टोल्याचा मंजूर दवाखानाही. यादी टाइप करणारा जनगणना कचेरीतला कारकून मधुकर म्हणत होता, सुखरामनं लाच खाल्ली.

जनगणना कचेरीत बंडोपंतांनी यादी वाचली. "सोनझरी पोस्ट : पिपरटोला, दोनशे दहा घरं. करवाही, अडतीस."

चौकशीला बोलावलेला सोनझरीचा सरपंच दुलीचंद भडकला. "दवाखाना आमाले भेटला म्हून म्या लाच देल्ली? म्या त करवाहीत ढोरं चारून राह्यलो होतो. दिवसभर तिथं बोलाले माणूस नाही!"

"हाच तो. फायदा याचाच," मुकुंद कुजबुजला.

सुखराम हात जोडून म्हणाला, "म्या हातानं लिहून देल्लती यादी. पिपरटोला माह्याच पोस्टात. मंधात नदी, पूल नाही. सोनझरीचा पोस्टमन येईन कसा?"

"ती यादी?" बंडोपंतांनी मधुकरला विचारलं.

"टाइप करून फाडली. मला गावं काय ठाऊक? मी कचेरी सोडून गेलोच नाही." त्याच्यामागं भिंतीवर नकाशा होता, प्रत्येक पोस्टाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.

चारला पाच मिनिटं असताना चौकशी अधिकारी आले.

"साहेब, करवाही बेचिराग आहे," बंडोपंत म्हणाले. "नाव नकाशात, चूल एकही नाही. रोज टपाल वाटणारा तिथं अडतीस घरं लिहील? तिथं ढोरं चारणारा दुलीचंद लिहायला सांगेल? लिहील तो, ज्यानं नुसता नकाशा पाहिला. मधुकरराव, वर्तुळं काढून जवळचं पोस्ट धरलंत आणि क्षेत्रफळ बघून घरांचा आकडा टाकलात. वर्तुळाला नदी आडवी येत नाही. सुखरामची यादी हाताशी असती, तर हा खटाटोप कशाला केला असता?"

मधुकरनं नकाशाकडं वळून पाहिलं.

"हरवली," तो पुटपुटला. "पोस्टमनकडं पुन्हा मागायची लाज वाटली."

दाराशी उभी शेवंताबाई रडू लागली. सुखराम मधुकरकडं वळला.

"मागतली असती त दुसरी लिहून देल्ली असती, बाबू," तो म्हणाला. "घंटाभराचं काम होतं."