कौसल्याबाईंची पावलं

निवेदिता खिल्लारेनं चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे ताणून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. तालुका कृषी कार्यालयात सकाळी सकाळी तक्रारी येतात, चमत्कार येत नाहीत. पण पडद्यावर स्वच्छ दिसत होतं की तळगव्हाणच्या कौसल्याबाई शिंगाडे आपल्या सोयाबीनमध्ये एकाच वेळी पंधरा ठिकाणी निंदणी करताहेत. खाली यंत्रानं विचारलं होतं, 'ही पावलं यांचीच आहेत का? होय / नाही.'

कौसल्याबाई तर मांडीचं हाड मोडून खाटेवर पडल्या होत्या. निवेदितानं गाडी काढली.

'पदश्रवक' म्हणजे बांधाजवळ मातीत पुरलेला कान. पावलांच्या कंपनांवरून तो माणूस ओळखतो. त्यामुळे पिकाचं सरकारी अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला न जाता रानात राबणाऱ्याला मिळतं. कौसल्याबाईंची जमीन दिराच्या नावावर, आणि दीर नाशकात. जन्मभर राबून बाईंना अनुदान पहिल्यांदा दिसलं ते या कानामुळे, आणि निवेदिताला त्याचा फार अभिमान होता. मात्र नियम कडक होता. हंगामभर पाऊल उमटलं नाही, तर कसणारी म्हणून नाव कायमचं जाणार आणि अनुदान रानात ज्यांची पावलं उमटली त्यांच्या खात्यात पडणार.

बांधावर पोचली आणि ती बघतच राहिली. अख्खी आळी खुरपी घेऊन रानात उतरली होती आणि झाडून सगळे लंगडत होते. कौसल्याबाई लहानपणापासून उजव्या पायानं अधू, त्यांची चाल गावाला तोंडपाठ. शेजारचे विश्वंभरतात्या तर इतक्या मनापासून लंगडत होते की आता पडतात की काय असं वाटावं. निवेदिताला हसू आवरेना.

"तात्या, हे काय नाटक लावलंय?"

"नाटक कशाचं म्याडम, इर्जिक हाय."

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून राबायचं. मजुरी नाही, संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं.

"पण ती तर बंद पडली होती ना?"

"तुमच्या कानानं पाडली. दुसऱ्याच्या रानात राबलं की त्याचा हिस्सा आपल्या खात्यात. मंग कोण कुणाला रानात घेतंय? सख्ख्या भावानं भावाला बांधावरून माघारी धाडलं."

हे कुठल्याच अहवालात आलं नव्हतं. निवेदिताला ते फार लागलं.

"आणि ते तिघं चौघं बांधावर काय करताहेत?"

"सराव. आमची रखमा समोर उभं राहून लंगडून दाखवत व्हती. त्यांनी तिच्या समोरून बघून डावाच पाय वढला."

निवेदिता पुन्हा हसली, मग गंभीर झाली. "तात्या, मी वर लिहिते. यंत्राला इर्जिक ओळखायला शिकवता येईल. कौसल्याकाकूंचं अनुदान कापलं जाणार नाही आणि तुम्हालाही राबण्याचा मोबदला मिळेल."

तात्या लंगडायचे थांबले. "मंग ती मजुरीच झाली की."

"बरं, मोबदला नको. नुसती नोंद ठेवू."

"म्हंजी कोण किती येळा आलं, कोण आलंच न्हाई, समदं दिसणार. उद्या कौसल्यावहिनीच्या रानात मानूस मायेनं आला का नोंदीपायी, हे वहिनीला कसं कळावं?"

निवेदितानं फोन उघडला. हातातल्या पडद्यावर यंत्र तोच प्रश्न विचारत होतं. 'होय' म्हणावं तर तिच्याच सहीनं खोटं यंत्रात जाणार होतं. 'नाही' म्हणावं तर कौसल्याबाईंचं नाव जाणार होतं. राहिला तिसरा मार्ग, यंत्राला खरं काय ते शिकवण्याचा. रानात तात्या पुन्हा लंगडायला लागले होते. जे कुणी मोजू नये म्हणून ही धडधाकट माणसं लंगडत होती, ते मोजायला तिनं यंत्राला शिकवायचं का?