नवा माल पुढे, जुना मागे

तो आमच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तेव्हा पावसाची झड लागली होती. नवेगावच्या तळ्यावरून सुटलेला वारा दारात लटकवलेल्या कुरकुऱ्यांच्या माळा नुसता हलवत होता आणि गिऱ्हाईक म्हणाल तर एक नाही. रेनकोटमधून पाणी निथळतंय, केस कपाळाला चिकटलेत... आणि हा माणूस ना साबण मागतो, ना चहापत्ती! सरळ टोस्टचं पाकीट उचलतो, उलटं करतो आणि डोळे बारीक करून मागची तारीख वाचतो.

नक्की अन्न तपासणीवाला!

“ते विकायचं नाही,” मी घाईघाईनं म्हणाले. “घरी खायला ठेवलंय.”

“अन् हे?” त्यानं दुसरं उचललं.

“तेपण घरचंच.”

“अन् हा पूर्ण डबा?”

“आम्ही... टोस्ट खूप खातो.”

“किती जण आहात घरी?”

“बाबा आणि मी.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या आधी मिटतो, हे मला तेव्हाच दिसलं. कशाला दिसलं, कोण जाणे!

“मॅडम, मी हेमराज. कोहमाऱ्याच्या एजन्सीतून आलो. बिस्कीट-टोस्टची या गावांची लाइन आता माझ्याकडे आहे. तारीख गेलेला माल परत नेतो, बदल्यात नवा देतो. पण तुम्ही एवढं आवडीनं खाता तर राहू द्या.”

मी डबा इतक्या जोरात त्याच्याकडे ढकलला की काउंटरवरची लिमलेटची बरणी आडवी झाली. मग आम्ही दोघं खाली वाकून गोळ्या गोळा करत बसलो. तो एकेक गोळी पुसून बरणीत टाकत होता. मी टाकलेल्या निम्म्या परत बाहेर पडत होत्या.

“एक गोष्ट सांगू?” जाता जाता तो म्हणाला. “नवा माल आला की तो मागे ठेवायचा अन् जुना पुढे ओढायचा. मग जुना आधी विकला जातो. तारीख जातच नाही, अन् मले यावंही लागत नाही.”

शेवटचं वाक्य बोलला नसता तर किती बरं झालं असतं!

कारण पद्धत अशी होती—ऑर्डर बाबा फोनवर द्यायचे, माल टेम्पोवाला टाकून जायचा. हेमराज यायचा तो फक्त परतीचा माल बघायला. म्हणजे आमच्याकडे तारीख गेलेलं काही असेल, तरच!

मी नुकतीच बी.ए. झाले होते, दुकान सांभाळत होते आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. तरी त्या रात्री माझ्या हातांनी जे केलं ते डोक्याला विचारून केलं नाही. नवी पाकिटं पुढे मांडली, जुनी मागे ढकलली. अगदी भिंतीला टेकवून.

तो आला. परत आला. पुन्हा आला!

एकदा तो परतीची बिस्किटं पोत्यात भरत होता आणि शेजारच्या सुलोचनाबाई तिथंच ठाण मांडून बसल्या होत्या.

“काऊन रे, चांगली बिस्किटं नेऊन राहिला?”

“तारीख गेली, आजी.”

“तारीख गेली तं का बिस्कीट मेलं? घरच्या तांदळाले कोनती तारीख असते? तो तं जेवढा जुना तेवढा मोकळा शिजते.”

मी म्हणाले, “पण आजी, छापलंय ना त्याच्यावर.”

“छापनाऱ्यानं खाऊन पायलं का?”

हेमराजनं पाकीट माझ्यापुढे धरलं. “आजीचं पूर्ण चूक नाही. हे बघा, इथं ‘बेस्ट बिफोर’ लिहिलंय. म्हणजे तोवर चव अन् कुरकुरीतपणा राहील, ही कंपनीची हमी. दुसऱ्या दिवशी त्याचं विष होत नाही. पण दुधावर, पनीरवर, औषधावर ‘एक्स्पायरी’ असते ना... ती मात्र पाळायचीच. तिथं आजीचंही ऐकायचं नाही.”

“मग बिस्किटावरची तारीख खरी की खोटी?”

“खरीच. फक्त ती जेवढं सांगते तेवढंच ऐकायचं. लोक त्याच्यापुढचं स्वतःच वाचतात.”

बोलताना तो माझ्याकडे बघत होता. पाकिटाकडे नाही, सुलोचनाबाईंकडे नाही... माझ्याकडे! आता यातलं किती ऐकायचं आणि पुढचं किती मी स्वतःच वाचत होते? माणसाच्या पाठीवर कुणी काही छापत का नाही? निदान एक बारीकशी ओळ—हा हसतो ते सगळ्यांशीच, की फक्त तुझ्याशी!

“तुम्ही सगळ्या दुकानांत एवढं समजावून सांगता?” मी विचारलं.

“नाही. बाकीच्या दुकानांत कोणी विचारत नाही.”

हे उत्तर झालं का? मी संध्याकाळपर्यंत विचार केला. कधी वाटे झालं, कधी वाटे मुळीच नाही. साखरेच्या जागी मी एकाला मीठ बांधून दिलं.

दिवाळी होऊन गेली, धान कापून झालं. त्या दुपारी हेमराज आला तेव्हा हसला नाही. पोतंही उघडलं नाही.

“चंचल, पूर्ण लाइनवर सगळ्यात जास्त परतीचा माल तुमच्या दुकानाचा आहे. मालक म्हणतो, तुझं लक्ष नाही. मले दरेकशाकडच्या लाइनवर टाकून राहिला. पुढच्या खेपेला विक्की येईल.”

त्यानं मला पहिल्यांदा नुसतं चंचल म्हटलं होतं आणि तेही निरोप घ्यायला! मला आनंद व्हावा की रडू यावं, काही कळेना. दरेकसा म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

“तुमची चूक नाही,” मी म्हणाले. “मी... नवा माल पुढे ठेवते.”

“काय?”

“आणि जुना मागे. मुद्दाम.”

“कायले?”

“तारीख गेली की तुम्ही येता... म्हणून.”

झालं. बोलून गेले! आता जमीन फाटेल तर बरं. पण जमीन काही फाटली नाही. हेमराज मटकन तांदळाच्या पोत्यावर बसला.

“अरे बाप रे,” तो म्हणाला. “गोदामातून तुमचा माल कोण काढते माहीत आहे? मीच. अन् ज्यांची तारीख जवळ आली, तेच डबे तुमच्यासाठी निवडून ठेवत होतो.”

“म्हणजे... आम्हाला जुना माल?”

“हाव.”

“माझ्या बाबांना? एवढ्या विश्वासाच्या गिऱ्हाइकाला?”

“तुम्ही तरी माझ्या मालकाला काय ताजं खाऊ घातलं?”

मी चिडलेही होते आणि खूशही होते. तो हसू लागला. मग मीही.

“एवढी चांगली बिस्किटं,” मी हळूच म्हणाले, “आपल्या दोघांपायी वाया गेली.”

“म्हणून मी मालकाले खरं सांगतो. तुमचं दुकान बदनाम नको.”

“मग तुमची ही लाइन?”

“ती तर गेलीच समजा.” तो उठला. काहीतरी बोलणार होता... पण बाबा मागच्या दारानं आले आणि तो “जय भीम, काका,” म्हणून निघून गेला.

विक्की आला, हेमराजनं त्या दिवशी न नेलेला माल त्यानं पोत्यात भरला. मी जुना माल पुढे ओढून ठेवला होता, त्यापलीकडे परत न्यायला एक पाकीट सापडलं नाही. त्यानं माझं तोंडभरून कौतुक केलं. मला ते अजिबात आवडलं नाही!

फोन नाही, निरोप नाही. माझा नंबर त्यानं मागितला नव्हता, मीही दिला नव्हता. मी रोज नवीच गणितं मांडायची. डबे निवडून ठेवण्याचं तो खरं बोलला होता. पण किती दिवसांसाठी खरं? दरेकशालाही दुकानं असतील, काउंटरमागे कुणीतरी असेलच, आणि तीही प्रश्न विचारत असेल तर?

मग एका रविवारी दुकानापुढे मोटारसायकल थांबली. हेमराज! इस्त्रीचा शर्ट, हातात पोतं नाही, पावतीपुस्तक नाही. पायरीशी येऊन तो नुसता उभा राहिला.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तू तं दरेकशाले गेला होतास ना? मालाचं काही राह्यलं का?”

“नाही, काका.”

“वसुली?”

“नाही.”

“काही घ्याचं आहे?”

“नाही... म्हणजे...” एवढा बोलका माणूस, पण त्याचे कान लाल झाले होते.

“मंग कायले आला बावा?”

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी काय-काय वाचत होते, खोडत होते. आता वाचण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

“माझ्यासाठी आलेत, बाबा,” मी म्हणाले.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा त्याच्याकडे. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“मंग असा पायरीवर उभा काऊन आहेस?” ते म्हणाले. “दुकान गिऱ्हाइकासाठी असते. चप्पल काढ अन् घरात ये.”

मी चहा ठेवायला आत पळाले, आणि ज्या घरात माझा जन्म गेला तिथं चहाचं पातेलं कुठं असतं, तेच मला आठवेना.