सासू-सुनेच्या नाड्या

बाहत्तरच्या मेमध्ये उंब्रजहून निरोप आला: सातव्या महिन्यातल्या अंजनाला पुन्हा कळा सुरू झाल्या. कराडचे डॉक्टर ओगले जीप काढून निघाले. कळा थांबवायचं औषध त्यांचंच होतं. आपलंच काही चुकलं असेल का?

दारात तिची सासू साळूबाई आडवी आली. "एक पोरगा लढाईत गेला. आता त्येचं बाळ बी घालवा तुमच्या औषधानं!"

"आई, आत येऊ दे त्यास्नी," थोरला मुलगा नाथाजी म्हणाला. तो पूर्वी लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होता. आता घरातल्या सगळ्या गोळ्या कुटून तोच पुड्या बांधायचा.

ओगल्यांनी अंजनाची नाडी धरली. फारच मंद.

"पुडी कधी चुकली का?"

"कशी चुकंल?" नाथाजी म्हणाला. "पलटणीची शिस्त हाय. माझ्यासमोर गिळायची, मग तोंड उघडून दावायचं."

अंजना कण्हली, "जीभ लय बधिर हुती त्या पुडीनं."

"नखरे!" साळूबाई फणकारली आणि छाती दाबून मटकन खाली बसली. तिची नाडी उधळलेली होती.

"तुम्हाला धडधडीवर औषध चालू आहे ना?"

"हाय की. ह्योच देतो. तरी धडधड वाढतीच."

ओगल्यांनी अंजनाची एक पुडी उघडली, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि थुंकली. जिभेचं टोक बधिर झालं.

"नाथाजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुड्या तुम्ही बदलल्यात."

"तोंड सांभाळा, डाक्टर."

"गर्भाशयाच्या स्नायूला आणि हृदयाला एकाच जातीची दारं असतात. माझं औषध ती उघडतं: गर्भाशय सैल पडतं, कळा थांबतात, नाडी धावते. आईंचं औषध तीच दारं अडवतं. नाडी मंदावते आणि त्याची पूड जीभ बधिर करते. इथं सुनेची नाडी मंद, सासूची धावती. अंजनाची पुडी नुसती चुकली असती, तर नाडी नेहमीसारखी राहिली असती. आणि ती चुकत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या वेळेवर संपाव्यात, मला संशय येऊ नये, म्हणून अंजनाचं औषध आईंच्या पोटात गेलं."

"चुकून झालं असंल."

"मी दर वेळी नवी बाटली दिली. कंपाउंडर दर वेळी तीच चूक करतो?"

नाथाजीचा जबडा आवळला. "पलटणीत मी बी हुतो. गावात पाटी धाकट्याच्या नावाची लागली, हार त्येच्या फोटूला. आता निम्मा ऊस बी त्येच्याच पोराला?"

"मला बी दिलंस?" साळूबाईने विचारलं.

"तुला काय व्हणार नव्हतं, आई."

साळूबाई भिंत धरून उठली आणि अंजनाला आधार द्यायला वाकली. अंजनाने हात झटकला.

फौजदाराला निरोप धाडून ओगल्यांनी दोघींना जीपमधून कराडला नेलं. नाथाजीच्या पुडीचा अंमल सरेपर्यंत त्यांचं औषध लागू पडेना. दुसऱ्या दिवशी अंजनाची नाडी धावू लागली, कळा विरल्या. पोटात बाळाने लाथ मारली.

साळूबाई गोळीबरोबर पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली.

"ठेवा तिथं," अंजना म्हणाली आणि नर्सकडून दुसरा पेला मागून घेतला.